प्रश्नोत्तरे : बुधवार पेठेतल्या सुट्या भागांतून व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प्लिफायर

प्रश्न : आमच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून आहे. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डाग द्यायला येतो, मीटर वापरता येतो. हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरी बनवायचा आहे. रेडिओतलेच व्हॉल्व्ह काढून वापरले तर चालेल का? बाकीचं सामान बुधवार पेठेत मिळेल का? आणि व्हॉल्व्हचा आवाज खरंच वेगळा लागतो, की ती नुसती हौस?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : ॲम्प्लिफायर घरी बनवता येतो, आणि तुम्ही तो जरूर बनवा. रेडिओतले व्हॉल्व्ह मात्र काढू नका. त्यामागे भावनेपेक्षा मोठं कारण आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायच्या आधी प्लग भिंतीतून उपसा आणि तो नजरेसमोर राहील असा बाजूला ठेवा. मग एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर छापलेला क्रमांक वाचा. पहिलं अक्षर 'ई' असेल तर त्या व्हॉल्व्हचं फिलॅमेंट ६.३ व्होल्टवर चालतं, आणि त्या रेडिओत बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. पहिलं अक्षर 'यू' असेल तर गोष्ट वेगळी. भारतात खपलेल्या पुष्कळ घरगुती रेडिओंमध्ये यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२ आणि यूवाय८५ अशी चौकडी असे. यांची फिलॅमेंट अनुक्रमे १९, १९, ५० आणि ३८ व्होल्टची, आणि सगळी एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेली. बेरीज होते १२६ व्होल्ट. मेन्सचे उरलेले शंभरेक व्होल्ट एका जाड वायरवाउंड रेझिस्टन्समध्ये जिरवलेले असतात. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवायची ही हुशार युक्ती होती, पण तिच्यात मेन्सची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज येतो. लाकडी पेटी, बॅकेलाइटची बटणं आणि मागचा पुठ्ठा यांच्यामुळे घरातली माणसं सुरक्षित राहत. अशा रेडिओतून वायर काढून ती हेडफोनला, म्हणजे थेट कानाला लावणं जीवावर बेतू शकतं. त्या जोडणीची नक्कलही करू नका.

दुसरं असं, की चालू स्थितीत आणता येईल असा रेडिओ मोडून त्यातून ॲम्प्लिफायर करणं मला मान्य नाही. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचं प्रसारण सुरू झालं आणि आठवड्याला एक या गतीने ५६ गीतं झाली. तेव्हा ट्रान्झिस्टरचा रेडिओ जगातच नुकता जन्मला होता, त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरांनी ती गाणी व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकली. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि १९६१ पासून तिने रेडिओचे व्हॉल्व्ह भारतात बनवायला घेतले. तुमच्या आजोबांच्या रेडिओत 'बीईएल' असं छापलेला एखादा व्हॉल्व्ह निघाला, तर तो त्या काळातला स्वदेशी माल आहे. तो आहे तिथेच राहू द्या. जुने कंडेन्सर बदलून रेडिओ पुन्हा बोलता करणं हे वेगळं काम आहे, आणि ते जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली करा.

आता ॲम्प्लिफायरकडे. त्यात व्हॉल्व्ह काय करतो हे आधी नीट समजून घ्या, कारण ते न समजता नकाशावरून नुसत्या तारा जोडल्या तर चूक कुठे झाली हे सापडणार नाही. काचेच्या आत, निर्वात जागेत, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन भाराच्या ॲनोडकडे धाव घेतात. इतकीच रचना असलेला डायोड फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला. दोन वर्षांनी ली द फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा व्होल्टेज थोडासा हलला की ॲनोडकडे जाणारा प्रवाह बराच हलतो. वर्धन ते एवढंच, आणि पुढची चाळीसएक वर्षं रेडिओ, टेलिफोन, बोलपट यांचा सगळा संसार या एका जाळीवर चालला.

हेडफोनच्या बाबतीत अडचण येते ती इथे. व्हॉल्व्ह व्होल्टेज वाढवण्यात पटाईत आहे, करंट द्यायला मात्र नाखूश. गच्चीवरची टाकी उंच असावी, दाब भरपूर असावा, पण नळ सुतळीएवढा बारीक असावा, तसं हे आहे : बादली भरायला धार लागते आणि ती मिळत नाही. मोबाइलबरोबर वापरतो ते हेडफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॉट द्यायला ०.१८ व्होल्ट पुरतात, पण करंट लागतो साडेपाच मिलिअँपिअर. ३०० ओहमच्या हेडफोनला तोच १ मिलिवॉट द्यायला व्होल्टेज लागतो अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त आणि करंट दोन मिलिअँपिअरहूनही कमी. म्हणजे ३०० ओहमवाला हेडफोन व्हॉल्व्हच्या स्वभावाला मानवतो आणि ३२ ओहमवाला मानवत नाही. तेव्हा कोणता व्हॉल्व्ह घ्यावा असं विचारण्याआधी आपल्या हेडफोनवर किती ओहम लिहिलेत ते बघा.

ईसीसी८२ हा व्हॉल्व्ह, ज्याला अमेरिकन पद्धतीत १२एयू७ म्हणतात, नवशिक्याला सर्वांत सोयीचा. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल एकाच व्हॉल्व्हमध्ये. पण कॅथोड फॉलोअर म्हणून जोडला तरी त्याचा आउटपुट इम्पीडन्स साडेचारशे ओहमच्या घरात राहतो. त्याला ३२ ओहमचा हेडफोन लावला तर सिग्नलचा बराचसा भाग व्हॉल्व्हच्या आतच खर्ची पडतो आणि कानाला पोचतो तो दबलेला, चिरकलेला आवाज. यावर तीन मार्ग आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावायचा. किंवा ६०८० सारखा दांडगा व्हॉल्व्ह घ्यायचा, जो मुळात व्होल्टेज स्थिर ठेवण्याच्या सप्लायसाठी बनला होता आणि ज्याचं नुसतं फिलॅमेंटच ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर खातं. किंवा वर्धनाचं काम व्हॉल्व्हला द्यायचं आणि करंट पुरवण्याचं काम मॉसफेटला. पहिल्या दोन मार्गांत दीडशे-दोनशे व्होल्टचा सप्लाय लागतो. तिसऱ्यात २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर भागतं.

पहिला ॲम्प्लिफायर या तिसऱ्या, मिश्र पद्धतीनेच करा, असं मी आग्रहाने सांगतो. हा काही अस्सल व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर नव्हे, असं म्हणणारे भेटतील. आवाजावर व्हॉल्व्हची छाप पडते ती व्होल्टेज वाढताना, आणि ते काम इथेही व्हॉल्व्हच करतो. दोनशे व्होल्टचा अनुभव मात्र दुसऱ्या-तिसऱ्या ॲम्प्लिफायरसाठी राखून ठेवा. २५० व्होल्टला भरलेला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर स्विच बंद केल्यावरही तीन जूल ऊर्जा धरून बसतो आणि हात लागण्याची वाट बघतो.

जोडणी अशी. २४ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, बीआयएसची खूण असलेला. ईसीसी८२ चं फिलॅमेंट ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांमध्ये १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर घेतं. ७८१२ रेग्युलेटरमधून १२ व्होल्ट दिले तरी ते पाच टक्क्यांच्या आत बसतं. फिलॅमेंटला डीसी मिळाल्यामुळे ५० हर्ट्झची घुमघुम आपोआप टळते. सिग्नल व्हॉल्यूम कंट्रोलवरून, अर्ध्या मायक्रोफॅरडच्या आसपासच्या कंडेन्सरमधून ग्रिडवर (पिन २ आणि ७) आणा आणि ग्रिडपासून ग्राउंडला १ मेगओहम लावा. कॅथोडला (३ आणि ८) ६८० ओहम. ॲनोडला (१ आणि ६) वरून १० किलोओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये ५० किलोओहमचा प्रीसेट. व्हॉल्व्ह तापू द्या, मग प्रीसेट फिरवून ॲनोडवर १२ ते १४ व्होल्ट आणा. हा व्हॉल्व्ह शेकडो व्होल्टसाठी बनवलेला आहे. २४ व्होल्टवर तो अर्धपोटी चालतो, त्यामुळे प्रत्येक नगाचं वागणं थोडं निराळं असतं आणि म्हणूनच प्रीसेट हवा. ठरावीक रेझिस्टन्सचा आकडा कुणी दिला तरी त्यावर विसंबू नका.

ॲनोडवरून १ किलोओहममधून थेट मॉसफेटच्या गेटवर या. आयआरएफ५१० हा मॉसफेट इथे पुरतो. ड्रेन २४ व्होल्टला. सोर्सखाली एलएम३१७, स्थिर करंटच्या जोडणीत : त्याच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये १२ ओहम, ॲडजस्ट ग्राउंडला. १.२५ भागिले १२ म्हणजे सुमारे १०४ मिलिअँपिअर सतत वाहतील. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १२ व्होल्टचा झीनर लावा, नाहीतर एखाद्या झटक्याने गेट जळतं. सोर्सवरून १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टच्या कंडेन्सरमधून हेडफोनच्या सॉकेटला. ३२ ओहमवर हा कंडेन्सर ५ हर्ट्झपर्यंत सरळ राहतो. सॉकेटवर ग्राउंडला १ किलोओहम कायमचा जोडून टाका. हे सगळं दोनदा, एक डावीकडे, एक उजवीकडे. आउटपुट इम्पीडन्स चार-पाच ओहमवर येतो, ३२ ओहमच्या हेडफोनला साजेसा.

दर चॅनलमागे अडीच वॉट उष्णता सतत निघते, गाणं चालू असो वा नसो. म्हणून हीटसिंक हवाच. मॉसफेट आणि एलएम३१७ एकाच हीटसिंकवर बसवणार असाल तर मायकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग लावल्याशिवाय बसवू नका, कारण मॉसफेटची धातूची पाठ म्हणजे ड्रेन आणि एलएम३१७ ची पाठ म्हणजे त्याचा आउटपुट. दोन्ही एका ॲल्युमिनियमवर उघडी टेकली की शॉर्ट झालाच. बसवून झाल्यावर मीटरने तपासा.

आता सर्वांत महत्त्वाची सवय. अडॅप्टर चालू करता तेव्हा व्हॉल्व्ह थंड असतो, त्यातून प्रवाह नसतो, ॲनोड थेट २४ व्होल्टला चिकटलेला असतो आणि मॉसफेटचा सोर्स २० व्होल्टच्या आसपास उडी मारतो. आउटपुटचा कंडेन्सर भरताना तो सगळा झटका हेडफोनमधून जातो. नाजूक कॉइल त्यात जाऊ शकते, आणि हेडफोन डोक्यावर असेल तर कानालाही इजा होते. म्हणून आधी सप्लाय चालू करा, मिनिटभर थांबा, आवाज पूर्ण कमी करा आणि मगच हेडफोन खोचा. बंद करताना आधी हेडफोन काढा. वेळ लावून जोडणारी रिले बसवली तर उत्तमच. तयार बोर्ड मिळतात.

सामानाचं विचारलंत. तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासचा परिसर हे त्याचं ठिकाण. जिथे कधीकाळी पासोड्या विकल्या जात तिथे आज कंडेन्सर, आयसी, ट्रान्सफॉर्मर, सोल्डरचे रीळ आणि मीटर मिळतात. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या खरेदीला आलात तर चालत जाण्याइतकं ते जवळ आहे. गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने किंवा मेट्रोने या. जाताना यादी नुसत्या नावांची नको : प्रत्येक कंडेन्सरपुढे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट, प्रत्येक रेझिस्टन्सपुढे ओहम आणि वॉट लिहून न्या. काउंटरवरची माणसं दिवसभर शेकडो गिऱ्हाइकं करतात, नेमका आकडा सांगितला की क्षणात वस्तू समोर ठेवतात, आणि 'यातलं काय लावू?' असं विचारलं की मागच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. रेझिस्टन्स, एलएम३१७, ७८१२, आयआरएफ५१०, मायका, हीटसिंक, व्हॉल्यूम कंट्रोल, सॉकेट हे सगळं त्या दोन-तीन गल्ल्यांत फिरून जमेल. व्हॉल्यूम कंट्रोल 'ड्युअल, लॉग' असा मागा. 'लिनिअर' घेतलात तर बटण थोडं फिरवताच आवाज अंगावर येईल. मॉसफेट दोन जास्तीचे घ्या.

व्हॉल्व्ह आणि त्याचं नऊ पिनांचं सॉकेट यांच्यासाठी मात्र शोध घ्यावा लागेल. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जुने रेडिओ आणि सुटे व्हॉल्व्ह नजरेस पडतात, पण तपासून बघण्याची सोय तिथे नाही. काचेच्या आत वरच्या बाजूला चंदेरी आरशासारखा थर असतो तो बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह गेला. थर चंदेरी असेल तर ४ आणि ५ या पिनांमध्ये मीटरने फिलॅमेंट अखंड आहे का ते बघा. नवे व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात आणि टपालाने मागवता येतात; गिटारच्या ॲम्प्लिफायरमुळे त्यांचा खप टिकून आहे. गिटारच्या दुकानात तुम्हाला ईसीसी८३ सहज दाखवतील. तो पिनांनी जुळतो, पण २४ व्होल्टवर निकामी, घेऊ नका. ईसीसी८८ सुद्धा दिसायला तसाच, पण त्याचं फिलॅमेंट ६.३ व्होल्टचं, या सॉकेटात खोचलात तर दुप्पट व्होल्टेजने तो संपेल. आणि पिनांचे क्रमांक खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. वरून मोजलंत तर सगळी जोडणी आरशातल्यासारखी उलटी होते.

राहिला आवाजाचा प्रश्न. फरक आहे, आणि तो मोजता येतो. ट्रायोड मूळ स्वरात स्वतःचं थोडं काही मिसळतो, आणि त्यातला मोठा वाटा दुप्पट कंपनसंख्येचा असतो : १०० हर्ट्झ दिलेत तर २०० हर्ट्झचीही किंचित भर पडते. म्हणजे षड्जाबरोबर वरचा षड्ज. तानपुऱ्याच्या जवारीतून असेच वरचे स्वर उमटतात आणि आपला कान लहानपणापासून त्याला सरावलेला आहे, त्यामुळे ही भर खटकत नाही, उलट आवाज भरलेला वाटतो. आवाज वाढवत नेला की ही भरही वाढते आणि मग मात्र गायकीचे बारकावे झाकोळतात.

दुसरं कारण फारसं सांगितलं जात नाही. मिश्र पद्धत न वापरता नुसत्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स शंभर ओहमपर्यंत असू शकतो. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन सगळीकडे ३०० ओहम नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स पाचशे ओहमच्या घरात चढतो. गणित करून बघा : मधल्या स्वरांना ४०० पैकी ३००, म्हणजे पाऊण भाग मिळतो, खर्जाला ६०० पैकी ५००. खर्ज जवळजवळ एका डेसिबलने उचलला जातो. 'व्हॉल्व्हची ऊब' म्हणून जे वर्णन होतं त्यातला काही भाग हा इतका साधा आहे. तुमच्या मिश्र ॲम्प्लिफायरमध्ये हा परिणाम जवळपास नसेल.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. मुळाबरहुकूम, काहीही न मिसळलेला आवाज हवा असेल तर चांगला ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा ॲम्प्लिफायर अचूकतेत व्हॉल्व्हच्या पुढे आहे आणि स्वस्तही आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवायचा तो त्याच्या आवाजाची गोडी आवडते म्हणून, आणि त्याहून जास्त, आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं म्हणून. मीटर लावून ॲनोडचा व्होल्टेज उतरताना बघितलात की ट्रायोड जसा समजतो तसा फळ्यावरच्या आकृतीने समजत नाही.

प्रश्न : असाच ॲम्प्लिफायर मी जोडला आहे. आवाज छान येतो, पण कायम बारीक शिट्टीसारखा सूर ऐकू येतो आणि व्हॉल्व्हला टिचकी मारली की हेडफोनमध्ये 'टिंग' वाजतं. व्हॉल्व्ह खराब आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बहुधा नाही. टिचकीचा आवाज येणं हा व्हॉल्व्हचा अंगचा गुण आहे. आतली बारीक जाळी हलते आणि तिचं हलणं सिग्नलसारखंच वाढून बाहेर येतं. हलकं 'टिंग' येऊन विरलं तर चिंता नको. बराच वेळ घुमत राहिलं तर तो नग इथे उपयोगाचा नाही. सॉकेटखाली रबराचे वॉशर द्या.

शिट्टीचा संशय अडॅप्टरवर घ्या. तो आत वेगाने चालू-बंद होत असतो आणि त्याची कुजबुज २४ व्होल्टवर स्वार होऊन येते. अडॅप्टरच्या लगेच पुढे एक छोटा चोक आणि चोकच्या पुढे १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. सूर गेला नाही तर ग्राउंडच्या तारा बघा. व्हॉल्यूम कंट्रोल, कॅथोड, फिलॅमेंट, एलएम३१७ यांच्या ग्राउंडची साखळी करू नका. सगळ्यांची तार वेगवेगळी आणून सप्लायच्या कंडेन्सरच्या एकाच टोकाला जोडा. मोबाइल चार्जिंगला लावून त्यातूनच गाणं वाजवत असाल तर चार्जर काढून एकदा ऐकून बघा. अनेकदा दोष तिथेच सापडतो.

प्रश्न : माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत हेच करायचं म्हणते. करू द्यावं का?
— एक आई, धनकवडी

उत्तर : अवश्य करू द्या. २४ व्होल्टच्या बाहेर ती जात नाही आणि अडॅप्टर उघडत नाही, एवढं पाहा. डाग देताना खिडकी उघडी असावी, चष्मा असावा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. हीटसिंक आणि व्हॉल्व्हची काच चटका देतात, हे तिला आधीच सांगा.

आवाजाबद्दल मात्र कडक राहा. हा ॲम्प्लिफायर ३२ ओहमच्या हेडफोनला १६० मिलिवॉटपर्यंत देऊ शकतो. साध्या हेडफोनला १ मिलिवॉटमध्ये १०० डेसिबल आवाज निघतो असं धरलं, तर १६० मिलिवॉटला तो १२२ डेसिबल होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला, दोन्ही चॅनलना, सिरीजमध्ये ४७ किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स कायमचा डागून टाका. १० किलोओहमच्या कंट्रोलवर त्याने कमाल आवाज साधारण पंधरा डेसिबलने खाली येतो आणि गाणं ऐकायला काही कमी पडत नाही. त्याने ॲम्प्लिफायरचा धोका पुरता संपत नाही, म्हणून बटण दर वेळी शून्यावरूनच वर न्यायचं.

या विषयावर पुढे प्रश्न पाठवणाऱ्यांना एक विनंती : 'आवाज येत नाही' एवढंच लिहू नका. अडॅप्टरचा व्होल्टेज, फिलॅमेंटचा व्होल्टेज, दोन्ही ॲनोडवरचा आणि दोन्ही सोर्सवरचा व्होल्टेज, असे सहा आकडे मीटरने मोजून पत्रात लिहा. त्यावरून दोष नेमका सांगता येईल.